आदल्या पानावर होतं ते

भोरच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात एक फळीचा तुकडा आहे. वीतभर लांब, काळा पडलेला, एका कडेनं कुजलेला. त्यावर हरभऱ्याएवढी पांढरट कवचं दाटीवाटीनं बसली आहेत, प्रत्येकाचं टोक छाटल्यासारखं आणि मधे भोक. खाली चिठ्ठी आहे. 'बार्नेकल. एकदा चिकटला की जन्मभर त्याच जागी.' अक्षर माझं आहे. चिठ्ठीवर लिहिलंय ते खोटं नाही, पण ते अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. तेच आज लिहायला बसलोय.

आमच्याकडे येणारी निम्मी मुलं वेल्ह्याकडची, डोंगरातली. बऱ्याच जणांनी समुद्र बघितलेला नसतो. फळी हातात दिली की एकजण तरी विचारतोच, "सर, शिंपले का हे?" मी म्हणतो, नाही, हा खेकड्याच्या नात्यातला. मग हसतात. ओढ्यातला खेकडा पळून पळून दमवतो, आणि हा म्हणे त्याचा भाऊबंद, जागचा हलत नाही. मी सांगतो की हा डोकं खाली करून चिकटतो आणि उरलेलं आयुष्य पाय वर करून पाण्यातलं अन्न ओढत बसतो. त्याचा डिंक प्रथिनांचा असतो आणि तो पाण्याखाली घट्ट होतो, हे आपल्या कुठल्याही डिंकाला सहजी जमत नाही. पोरांना हे आवडतं. वर्षानुवर्षं मी ते असंच सांगत आलो.

यंदा परीक्षेच्या आधी, शेवटच्या काही तासांपैकी एका तासाला, वेल्ह्याच्याही पुढून एसटीनं येणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "सर, चुकीच्या जागी चिकटला तर?"

मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "तर काय, नांदायचं गप!"

वर्ग खदखदून हसला. ती मुलगीही हसली. मी फळी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि तास वीस मिनिटं आधी सोडला. डोकं दुखतंय म्हणालो.

ती फळी माझ्या आक्कानं आणलेली आहे. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, दोन वर्षांनी मोठी. आमचं गाव तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्यापासून चालत तासाभरावर. आक्का दहावी झाली होती, आमच्या आळीतली पहिली मुलगी. तिला नर्सिंगला जायचं होतं. पण महाडकडच्या ओळखीतून स्थळ आलं. मुलगा होड्यांची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा, खाडीकाठी घर होतं. माणसं आपल्यातली, विहारात जाणारी, दारू नाही, मारझोड नाही. नाही म्हणायला कारणच नव्हतं. आक्काला कुणी विचारलं नाही एवढंच. विचारायची रीत नव्हती, असं आम्ही नंतर एकमेकांना सांगायचो.

लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा ती माहेरी आली आणि परत जायचं नाव काढेना.

तक्रार म्हणावी तर काहीच नव्हती. तिकडची माणसं तिच्या 'व्हय' आणि 'न्हाई'ला हसतात, म्हणाली. हवा अंगाला चिकटते. नवरा दिवसभर इंजिनात आणि रात्री घोरतो. "आन आये, घामानं कपाळावर टिकलीसुदीक टिकत न्हाई गं," असं म्हणून ती हसली आणि हसता हसता रडली. मग हळूच म्हणाली की नर्सिंगचा फॉर्म अजून भरता येतो, पुण्यात. मी तेव्हा पुण्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. ती माझ्याबरोबर खोली घेऊन राहील, स्वयंपाक करील, शिकेल.

आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आठ दिवस काही ठरवलं नाही. नवव्या दिवशी, मी सुट्टीला घरी होतो तेव्हा, दुपारी पडवीत मला जवळ बसवलं. ते स्वतः चौथी शिकलेले, पण शिकलेल्या माणसावर त्यांचा फार विश्वास. म्हणाले, "ठिवायची का धाडायची, तू सांग. तू शिकलेला हाईस. तू म्हनशील तसं करू."

आता मी जे सांगतोय ते माझ्या बायकोलाही यंदापर्यंत माहीत नव्हतं.

मला आक्का पुण्यात नको होती. माझे मित्र शहरातले होते, मी नुकताच त्यांच्यासारखा बोलायला लागलो होतो. नवऱ्याला सोडून आलेली, 'व्हय' म्हणणारी बहीण मला त्यांच्यासमोर नको होती. त्याहून मोठं कारण नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

पण हे आप्पांना कसं सांगणार? मग मी शास्त्र सांगितलं. त्याच आठवड्यात वाचलेला धडा होता. म्हणालो, समुद्रात एक जीव असतो, बार्नेकल. लहानपणी पाण्यात हिंडतो, आणि मग एका जागी स्वतःच्या डोक्यानं चिकटतो. एकदा चिकटला की निसर्ग त्याला तिथंच वाढवतो. उपटला तर मरतो. सुरुवातीला जीव घाबरतो आप्पा, पण एकदा चिकटला की तीच जागा त्याची होते. आक्काचंही तसंच आहे. वर्षच तर झालंय.

आप्पा बराच वेळ मान हलवत राहिले. "शास्त्रात लिव्हलंय म्हंजे हायच," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आक्काला सोडायला मीच गेलो. वेल्ह्याहून नसरापूर, तिथून भोर. भोरच्या स्टँडवर महाडची गाडी लागली तेव्हा ती म्हणाली, "त्या किड्याचं नाव काय म्हणलास रं?" मी सांगितलं. तिनं पुटपुटून पाठ केलं आणि गाडीत चढली. मला वाटलं, आप्पांनी सांगितलं असेल.

पुढच्या उन्हाळ्यात ती आली ती ही फळी घेऊन. जुन्या ब्लाऊजच्या कापडात गुंडाळलेली. "तू म्हणलावतास ना, त्यो ह्यो. आमच्या हितं होड्यांच्या बुडाला लई आसतो. म्याच खरवडते आता." हातावर बारीक बारीक कापल्याच्या खुणा होत्या. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, निदान मला ऐकू आला नाही. मी फळी घेतली, भोरला नोकरी लागल्यावर कपाटात ठेवली, चिठ्ठी लिहिली.

ती टिकली. आमच्याकडे असंच म्हणतात, पोरगी टिकली. दोन मुलं झाली, ती मोठी होऊन मुंबईकडे गेली. आई-आप्पा गेले. दोन वर्षांपूर्वी भावजीही गेले. तेव्हा मी तिला म्हणालो, आता इकडंच ये आक्का, भोरला, आमच्याजवळ. तिनं नुसतं बघितलं आणि म्हणाली, "आता कशाला हलवतोस?"

मुलीनं वर्गात तो प्रश्न विचारल्यापासून मला आक्काशी बोलल्याशिवाय चैन पडेना. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मे महिन्यात ती आठ दिवसांसाठी आली, दर वर्षी येते तशी. पाऊस लागला की वरंध घाट कधी बंद होईल सांगता येत नाही, म्हणून त्याआधी येऊन त्याआधी जायचं हे तिचं ठरलेलं. पत्र्याची एक डबी तिच्याबरोबर असते. रात्री कपाळावरची काळी टिकली काढून त्या डबीच्या झाकणाला लावायची, सकाळी तीच परत कपाळावर. भावजी गेल्यावरही तिनं टिकली सोडली नाही. कुणी बोललंच तर म्हणते, "कपाळ माझं हाय."

माझ्या बायकोला त्या डबीचं वाईट वाटायचं. "आरसा आहे की वन्सं एवढा मोठा. त्याला लावा ना टिकली."

"आगं, दुसऱ्याच्या आरशाला डाग कशाला," आक्का म्हणायची. बायको नंतर माझ्यावर चिडायची, जणू काही मीच तिला परकं केलंय.

चौथ्या दिवशी मी आक्काला म्हणालो, चल, तुला माझं कॉलेज दाखवतो. सुट्टी होती, प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. फॉर्मलिनच्या वासानं तिनं पदर नाकाला लावला. बरणीतल्या सापाला बघून "ह्यो तर आपल्या परड्यातला" म्हणाली. मग कपाटापाशी थांबली.

"आगं बया. अजून ठिवलंस?"

मी कुलूप काढून फळी तिच्या हातात दिली. तिनं ती उलटीसुलटी केली, अंगठ्यानं एक कवच दाबून बघितलं. आमच्या मुलांसारखं जपून नाही, भाजीवाल्याचं वांगं दाबावं तसं.

"ह्ये आता निघायचं न्हाई. होडी वढली की वली हाय तवरच खरवडायचं, पत्र्यानं, खालनं धरून. एक दिस वाळली की दगड. आन खरवडलं तरीबी खाली ह्यो पांढरा गोल ऱ्हातोच बग. वर कुणी नसलं तरी गोल ऱ्हातो."

"तो त्याचा तळ आहे," मी म्हणालो. आणि मग, थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं म्हणून, वर्गातल्या त्या मुलीच्या प्रश्नापासून सगळं एका दमात सांगितलं. की धडा दोन पानांचा होता. मी आप्पांना दुसरं पान सांगितलं. आदल्या पानावर असं होतं की हा जीव चिकटण्याआधी जागा बघतो. कुठंही जाऊन पडत नाही. त्या वयात त्याला खाता येत नाही, बरोबर आणलेल्या शिदोरीवर असतो, म्हणजे दिवस मोजके. तरीही तो दगडावर उतरतो, डोक्यापुढच्या दोन मिशांनी चालतो, चाचपतो, पावलागणिक थोडासा डिंक टेकवतो आणि सोडवतो. जागा नको वाटली तर उठून पोहत दुसरीकडे जातो. पुन्हा पुन्हा. आणि मन भरलं की मगच खरा डिंक सोडतो.

आक्का फळीकडे बघत होती.

"तुला ठावं हुतं?"

"होय."

"त्या येळंला?"

"होय. आदल्याच पानावर होतं."

खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती होत नव्हती. आक्का एकदम हसली. मला वाटलं रडते आहे, पण हसतच होती.

"आन म्या आपली इतकी वर्सं समजत आले, का ह्यास्नी कुणी इचारलंच न्हाई. खरवडताना म्या बोलायचे त्यांच्यासंगं. म्हणायचे, बाबांनो, तुमाला लाटंनं टाकलं हितं, मला एसटीनं. माफ करा, पोटासाठी खरवडते." तिनं फळी माझ्यापुढं धरली. "आन हे बेणं म्हंजे इचार करकरून बसलं व्हय? समदा समिंदर सोडून होडीचं बूड निवडलं? येडंच म्हणायचं की!"

मीही हसलो. हसायला नको होतं. तिनं फळी टेबलावर ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "चल घरी."

त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. बायकोशी बोलली, भाजी निवडली, शेजारणीला तिखटाचं प्रमाण सांगितलं. मी खोलीत आलो की ती उठून दुसरीकडे जायची. दुसऱ्या दिवशीही तसंच. बायकोला मी तेव्हा सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "आणि ह्या बाईनं दर वर्षी तुमच्यासाठी सुकट आणलं." मग दोन बायका एका बाजूला आणि मी एका बाजूला, असे दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी चहा घेत होतो. आक्का समोर येऊन बसली.

"एक आयक. आप्पा तुला इचारीत हुते तवा म्या दाराआड हुते. समदं आयकलं म्या. तुझ्या बोलण्यानंच गेले. आप्पा मला ठिवाय तयार हुते."

मला वाटायचं आप्पांनी तिला नुसतं त्या किड्याचं सांगितलं असेल. माझ्या शब्दावर तिला धाडलं हे इतकी वर्षं तिला ठाऊक होतं, आणि मी इतकी वर्षं ते लपवत होतो.

"मग राग नाही आला माझा?" मी विचारलं.

"आला की. पन म्या म्हणायचे, पोरगंच त्ये. पुस्तकात जेवढं लिव्हलंय तेवढं त्येनं सांगितलं, त्येला काय ठावं. तुझ्या मागं म्याच तुझी बाजू घ्यायचे बग, माझ्याच मनात. ती फळी आणली ती त्येच्यासाठीच. म्हणलं, भावानं खरं सांगितलंवतं, त्येला दावावं." ती थांबली. "आता तेबी गेलं."

मी म्हणालो, "आक्का, मला..."

"माफ बिफ म्हनू नगं. मला जमतंय का बघू दे आधी."

चहा निवला होता. तिनं माझा कप घेऊन पुन्हा गरम करायला ठेवला. भांड्याकडे बघत, माझ्याकडे पाठ करून तिनं विचारलं, "मंग पान्यात चिकटतो कसा त्यो? वल्याला तर काय चिकटत न्हाई."

हा प्रश्न मला कुणी विद्यार्थ्यानं विचारला असता तर मी फळ्यापाशी गेलो असतो. मी बसल्या जागेवरून, तिच्या पाठीला सांगितलं. की तो आधी तेलकट थेंब सोडतो. त्या थेंबानं दगडावरचं पाणी बाजूला सरतं, थोडीशी कोरडी जागा होते, आणि तिथं मग प्रथिनांचा डिंक उतरतो.

"त्येल? फणस कापताना चीक चिकटू नये म्हणून आमी त्येल लावतो हाताला. आन ह्यो चिकटाय त्येल लावतो?"

"डिंक तेलानं चिकटत नाही. तेल फक्त पाणी हटवतं. चिकटवायचं काम त्याच्या मागून येणाऱ्या प्रथिनांचं."

"म्हंजे टिकलीवानीच. आदी पुसायचं. कोकणात मला ते कुणी सांगितलं न्हाई, नुसती दाबत बसायचे." चहा माझ्यापुढं ठेवला. "तू इतकी वर्सं नुसता दाबीत व्हतास. हितं ये आक्का, हितंच ऱ्हा आक्का. वलं तसंच ठिवून."

मी चहा प्यालो. फार गरम होता.

नंतरच्या दिवसांत मी तिला राहा म्हणालो नाही. जिभेवर यायचं, पण नाही म्हणालो. ती मात्र घरभर हिंडू लागली. आधी ती आली की पाहुण्यांच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात, एवढंच तिचं येणं-जाणं. आता मागच्या गॅलरीत जाऊन नीरेचं पाणी कुठवर आलंय ते बघितलं. गच्चीवर गेली. बायकोला विचारलं, इथं सकाळी ऊन कुठून येतं? एकदा एकटीच बाजारात गेली, दोन तासांनी आली. नेलेली पिशवी रिकामीच होती. बायको म्हणाली, "काय आणलंत वन्सं?" तर म्हणाली, "काय न्हाई. चालून आले." विहारात बायका पौर्णिमेला वंदनेला जमतात का तेही विचारून घेतलं. बायको बोलायला लागली की मी तिला डोळ्यांनी खुणावत होतो.

आठचे अकरा दिवस झाले. वळवाच्या पावसानं घाटात छोटी दरड कोसळल्याची बातमी मोबाईलवर आली तेव्हा ती म्हणाली, "उद्या निघते. न्हाईतर आडकून पडंन हितं." म्हणाली आणि स्वतःच थबकली, मग हसली.

भोरच्या स्टँडवर गाडी लागलेली होती. एवढ्या वर्षांनी आम्ही पुन्हा त्याच जागी उभे होतो. मी तिची पिशवी वर दिली. खिडकीतून ती म्हणाली, "पाऊस सरला की येते. ऱ्हायाला न्हाई, बघायला. बघून झालं की सांगन. तवर इचारू नगंस."

"नाही विचारणार."

"आन त्या फळीखालची चिठ्ठी बदल. पोरांस्नी आदलं पान सांग. ती इचारणारी पोरगी हाय न्हवं, तिला तर आदी सांग."

गाडी गेली. घरी आलो तर बायको न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी होती. मला खुणेनं बोलावलं. आरसा रोज पाण्याच्या शिंतोड्यांनी डागाळलेला असतो. आज खालच्या डाव्या कोपऱ्यात हाताएवढी जागा पदरानं पुसून लखलखीत केलेली होती, आणि तिथं एक जुनी काळी टिकली लावलेली होती. नवी कपाळावर घेऊन गेली असणार.

"विसरल्या असतील," बायको म्हणाली.

त्या दिवसापासून आरसा मीच पुसतो, तो कोपरा सोडून.